कप्तानीण झांबेता

झांबेता जन्मली तेव्हा तिच्या रडण्याने शेजारच्या गोठ्यातलं गाढव दावं तोडून डोंगरावर पळालं, असं कालामियात सांगतात. यातलं खरं किती आणि पदरचं किती, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. पण पोरीचा आवाज लहानपणापासून दोन खाड्यांपलीकडे जायचा, याबद्दल कुणाचं दुमत नाही. तिने अंगणातून बापाला जेवायला हाक मारली की धक्क्यावरचे सगळेच कोळी माना वर करायचे.

"रिनियो, या भोंग्याला नवरा कुठून आणणार आहेस गं?" विहिरीवर बायका तिच्या आईला विचारायच्या.

"बहिरा बघेन," रिनियो म्हणायची आणि घागर उचलून चालू लागायची.

झांबेताचा बाप कप्तान याकुमिस. त्याच्याकडे 'कालिओपी' नावाचा मचवा होता, निळ्या पट्ट्याचा, रुंद पोटाचा. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा रस्ता नव्हता. कालामिया, मावरोलिमानो, प्लाकोता आणि पार टोकाचं अस्प्रोयाली ही चार गावं, चारही कोळ्यांची आणि प्रत्येकाच्या पाठीशी उभा डोंगर. तिथे जे काही पोचायचं ते समुद्राने, आणि समुद्राने म्हणजे याकुमिसच्या मचव्याने. पीठ, रॉकेल, टपाल, शाळेचे मास्तर, पाद्री, नवरी, नवरीची शिलाई मशीन, कुणाची शेळी, कुणाची शवपेटी. गुरुवारी पाद्री आणि शेळी एकाच बाकावर बसून गेले तरी कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

याकुमिसला तीन मुली. तिसरी झांबेता झाली तेव्हा चार माणसं तोंडं पाडून भेटायला आली. "देवाची मर्जी," कुणीसं पुटपुटलं. याकुमिसने त्यांच्यापुढे सुके अंजीर आणि ऊझो दारूची बाटली ठेवली आणि म्हणाला, "बारशाला आला असाल तर बसा. मयताला आला असाल तर घर चुकलात."

मोठ्या दोघी लग्न होऊन अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात गेल्या. झांबेता मात्र मचव्यावरच वाढली. दोरखंड गुंडाळणं, इंजिनात तेल घालणं, उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात देणं, ही तिची कामं. शाळा संपल्यावर ती पूर्ण वेळ बापाबरोबर जाऊ लागली, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. मुलगा नाही, तर मुलगी मदतीला. त्यात काय एवढं?

मग एका हिवाळ्यात याकुमिसच्या डोळ्यांना काहीतरी झालं. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही पुसट होत गेलं. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. झांबेताच्या मात्र लक्षात आलं, कारण मावरोलिमानोच्या धक्क्यावर त्याने दोर फेकला तो खांबाऐवजी टपालवाल्याच्या गळ्यात पडला. सगळे हसले, याकुमिसही हसला. परतीच्या वाटेवर मचव्यात दोघंच होती. तिने विचारलं, "बाबा, तो खांब तुम्हाला दिसला नाही ना?"

त्याने सिगरेट पाण्यात टाकली. मग म्हणाला, "तुझं तोंडसुद्धा दिसत नाही, पोरी. तू बोलतेस म्हणून तू आहेस."

अथेन्सच्या डॉक्टरांकडे ती दोघं मोठ्या बहिणीला भेटायच्या निमित्ताने जाऊन आली. डॉक्टर भला माणूस होता. गेलेली नजर परत यायची नाही, म्हणाला. बोटीतून येताना याकुमिस डेकवर वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. बेट जवळ आल्याचं त्याला वासावरून कळलं. "डोंगरावरचा थाइम फुललाय," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मचवा विकायचा नाही."

"विकायचं कोण बोललं?" झांबेता म्हणाली.

त्यानंतर आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलं ते एवढंच, की याकुमिसची पोरगी मचव्याच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला पाय सोडून बसते आणि वाटभर गाते. सूर वर चढला की डावीकडे, खाली आला की उजवीकडे, एकच सूर लांबवला की नाकासमोर. बाप सुकाणूवर ताठ उभा, टोपी तिरकी, तोंडात विझलेली सिगरेट. गाण्याचे शब्द ती तिथल्या तिथे रचायची. मावरोलिमानोच्या पोथुलाची चादर वाळत घातलीय, प्लाकोताच्या धक्क्यावर मांजर बसलंय, असलं काहीही. त्यामुळे बापाला किनाऱ्यावर काय चाललंय तेही कळायचं, आणि उतरल्यावर तो पोथुलाला खुशाल म्हणायचा, "चादरी आज लवकर धुतल्यास!"

"आली याकुमिसची वेडी," गावागावांत लोक म्हणायचे. "बिचाऱ्याच्या नशिबी मुलगा नाही आणि मुलगी ही असली."

झांबेताच्या कानावर ते पडायचं. राग यायचा, गिळायची. अवघड वळण निघालं की बाप मागून हळूच म्हणायचा, "सुरेख घेतलास सूर," आणि तिच्या मनातला राग ओसरायचा. वारा पडला, लाटा नसल्या, की तो तिला सुकाणूवर उभं करायचा आणि स्वतः शेजारी बसून मचवा नुसता ऐकायचा. दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस सुकाणू बहुतेक तिच्याच हातात असायचं. बंदर जवळ आलं की दोघं जागा बदलायची.

हे बाहेर फुटलं ते पोथितोसच्या कॉफीच्या दुकानात. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस नुकतेच लागले होते. याकुमिस नेहमीसारखा तावली या फाशांच्या खेळाचा पट मांडून बसला होता. सोंगट्या तो बोटांनी चाचपायचा, समोरचा फासे पाहून आकडा बोलायचा, आणि खेळ बिनबोभाट चालायचा. त्या दिवशी समोर स्त्रातोस होता. तिशीतला गडी, गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची, आणि बोलण्यात गावातला सगळ्यात धारदार. त्याला बरेच दिवस संशय होता. याकुमिसने फासे टाकले तसा तो म्हणाला, "तुमचं दान, बार्बा. पाच आणि सहा."

म्हाताऱ्या खलाशाला आमच्याकडे बार्बा म्हणतात, काका म्हणावं तसं. याकुमिसने पाच आणि सहा मोजून सोंगट्या सरकवल्या.

"बार्बा याकुमी," स्त्रातोस सावकाश म्हणाला, "फाशांवर दोन आणि एक आहे."

झांबेता बापाला न्यायला आली होती आणि दाराबाहेर उभी होती. बायका त्या दुकानात पाऊल टाकत नसत. तिला सगळं दिसलं. बापाचा हात सोंगटीवर तसाच राहिला होता. मग त्याने पट मिटला आणि उठून उभा राहिला.

"दिसत नाही मला," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"मग मचवा कोण हाकतो? आयोस निकोलाओस?" खलाशांच्या संताचं नाव घेऊन स्त्रातोसने विचारलं. दोघे-चौघे हसले.

"तो असतोच. आणि ही." याकुमिसने दाराकडे बोट केलं. बोट जरा चुकलं, खिडकीकडे गेलं. झांबेता दोन पावलं सरकली आणि बोटाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"म्हणजे आमच्या बायकापोरांचा जीव एका आंधळ्याच्या आणि एका गाणाऱ्या पोरीच्या हवाली?"

"दोन वर्षांत तुझी एक गोणी भिजली, स्त्रातो?" याकुमिसचा आवाज चढला. "तुझी आई गुडघे धरून मावरोलिमानोला मुलीकडे जाते आणि येते, तिचा मोजा तरी ओला झाला? तुम्ही सगळे धक्क्यावर उभं राहून म्हणायचात, बार्बा, काय सफाईने लावलात मचवा! ती सफाई हिची होती. मी नुसता टोपी घालून उभा होतो."

"साखर कोरडी आली माझी, खोटं कशाला बोलू," पोथितोस काउंटरमागून म्हणाला.

"तू कॉफी बघ," स्त्रातोसने त्याला गप्प केलं. मग उठून म्हणाला, "बार्बा, तुमच्याबद्दल मान आहे. पण समुद्र पोरीबाळींचा खेळ नाही. सोमवारपासून माल माझ्या होडीने जाईल."

आणि गेला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्या पाठोपाठ इतरही गेले. पुढचे आठवडे 'कालिओपी' धक्क्याला बांधलेली राहिली. झांबेता रोज सकाळी जाऊन पाट्या घासायची, इंजिन चालू करायची, थोडा वेळ चालवून बंद करायची. मागून कुणी हसलं की आणखी जोराने घासायची. याकुमिस घराच्या ओट्यावर बसायचा. "मी तोंड उघडायला नको होतं," तो एकदा बायकोला म्हणाला. झांबेताने ऐकलं.

"बाबा, त्या दिवशी दुकानात तुम्ही जे बोललात ना, त्यातला एक शब्द जरी कमी बोलला असतात, तर मी तुमच्याशी कधी बोलले नसते," ती म्हणाली.

थडग्यातून उठलेल्या लाझारसचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, उपास चालू असतानाही मासे खायची मुभा असलेला दिवस. त्यामुळे कालामियाच्या झाडून सगळ्या होड्या पहाटे बाहेर पडल्या होत्या. घराघरांत मुलं हात छातीवर बांधलेल्या माणसाच्या आकाराचे गोड पाव भाजून घेत होती. हवा उबदार, दक्षिणेची, पाणी अजून हिवाळ्यातलं. सकाळ वर आली आणि समुद्रावरून धुकं आलं. असं धुकं आमच्याकडे वर्षानुवर्षं येत नाही, पण येतं तेव्हा माणसाला स्वतःचा हात दिसत नाही.

कालामियाची खाडी तोंडाशी अरुंद आहे. त्या तोंडावर गुरुना नावाचा खडक बसलाय. गुरुना म्हणजे डुकरीण. ती स्वतः पाण्यावर दिसते, पण तिची पिल्लं, म्हणजे धारदार खडपं, भोवताली पाण्याखाली लपलेली. उजेडात तिथून होडी नेणं पोरखेळ, धुक्यात नेणं म्हणजे सुरीवर चालणं. आणि बाहेर थांबून राहायचं तर दक्षिणेची लाट होड्यांना ढकलत थेट डुकरिणीच्या पिल्लांवरच आणत होती.

धक्क्यावर बायका जमल्या. कुणीतरी धावत जाऊन वरच्या चर्चची घंटा वाजवायला लागलं, पण धुक्यात घंटा चारही बाजूंनी ऐकू येत होती. तिच्यावर भरवसा ठेवणारा नक्की भलत्या कड्यावर गेला असता.

"ती घंटा थांबवा!" झांबेता ओरडली, आणि घंटा खरोखरच थांबली. मग ती घराकडे वळली, तर बाप आधीच काठी टेकत उताराने खाली येत होता.

"डुकरिणीवर जाऊन उभं राहायला हवं," तो म्हणाला.

"तेच सांगायला येत होते. शंख मचव्यात आहे, घेते."

"छोटी होडी घे. इंजिन नको, वल्ही. इंजिन लावलंस तर मला समुद्र ऐकू यायचा नाही."

रिनियो मागून धावत आली. "अहो, एक आंधळा काय कमी होता! आज सगळेच आंधळे आहेत, आणि तुम्ही बाहेर निघालात?"

"म्हणूनच निघालोय," याकुमिस होडीत पाय ठेवत म्हणाला. "आज मी सगळ्यांच्या बरोबरीचा आहे, रिनियो. असा दिवस पुन्हा कधी यायचा?"

या वेळी बाप नाळेवर बसला आणि झांबेता मागे वल्ह्यांवर. धक्का दोन हातांवरच नाहीसा झाला. पांढऱ्या अंधारात ती वल्हवत राहिली आणि बाप कान देऊन बसला. "थांब," तो म्हणायचा, आणि ती वल्ही उचलून धरायची. पाणी थेंब थेंब गळायचं. "थोडं डावीकडे. आता ऐक. घोरतेय."

झांबेतालाही ऐकू आलं. खडकाच्या पोटातल्या भगदाडात पाणी शिरायचं आणि लांब श्वास टाकून बाहेर यायचं. डुकरीण घोरत होती. आडोशाच्या बाजूने तिने होडी लावली, नांगर टाकला, बापाच्या हाती शंख दिला आणि स्वतः परकर कंबरेला खोचून अनवाणी खडकावर चढली. टाचेत काहीतरी घुसलं. तिने तिकडे पाहिलंही नाही.

याकुमिसने शंख फुंकला. लांब, घोगरा आवाज धुक्यात गेला. मग शांतता. मग दूरवरून इंजिनाचा खोकल्यासारखा आवाज आला. कालामियातल्या प्रत्येक होडीचा खोकला झांबेताला पाठ होता.

"लेओनी! दोघं भाऊ आहात ना?" तिने छाती भरून हाक मारली. "मी डुकरिणीच्या पाठीवर उभी आहे! शंख वाजतोय ती आडोशाची बाजू! माझा आवाज उजव्या कानाला ठेवा आणि हळू या!"

"कोण आहे?"

"झांबेता!"

"देवा रे," धुक्यातून आवाज आला. पण होडी वळली. ती उजवा कान, डावा कान सांगत गेली आणि होडीची सावली तिच्यापासून चार हातांवरून आत सरकली. त्यातल्या एका भावाने टोपी काढल्याचं तिला दिसलं, पण तिचं लक्ष पुढच्या खोकल्याकडे होतं. मग आणखी एक होडी. मग आणखी दोन, एकीच्या मागे एक. प्रत्येकाला नावाने हाक मारून, शिव्या घालून, समजूत काढून ती आत घेत होती.

नंतर जड, मोठ्या इंजिनाचा आवाज आला.

"स्त्रातो! डावीकडे घे! पिल्लांवर येतोयस!"

इंजिन तसंच पुढे येत राहिलं. होडीत वाद चालल्याचं तिला ऐकू आलं. "चर्च या बाजूला आहे," स्त्रातोस म्हणत होता. "पोरीच्या किंकाळीवर होडी वळवू?"

झांबेताने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटातून, जितका जाडा निघेल तितका पुरुषी आवाज काढला. "अरे गाढवा, डावीकडे घे म्हणतो ना! आईला काय तोंड दाखवणार आहेस?"

खाली होडीत बसलेल्या याकुमिसला हसू आवरेना. शंख त्याच्या ओठांवरून निसटला. मग धुक्यात इंजिनाचा आवाज बदलला. स्त्रातोस डावीकडे वळला. पाण्याखालच्या खडपावर त्याच्या होडीचं लाकूड नुसतं करकरलं आणि सुटलं.

"उजवा कान," झांबेता आता तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली. "अस्संच. ये."

तो तिच्याजवळून गेला तेव्हा त्याचा चेहरा मिठासारखा पांढरा झालेला होता. धक्क्यावर पोचल्यावर त्याची आई त्याच्या गळ्यात पडली आणि मग तिने त्याच्या थोबाडीत दिली, असं नंतर कळलं.

एक होडी मात्र राहिली. फानूरिसची. हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताचं नाव मिरवणारा हा पोरगा मुलखाचा अबोल. चार माणसांत दिवसभर बसला तरी चार शब्द बोलायचा नाही. झांबेता हाका मारून दमली. घसा सोलवटला. उत्तर नाही, इंजिनही नाही.

"थांब जरा," खालून बाप म्हणाला. "टक टक येतंय कुठून तरी."

तिने श्वास रोखला. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज होता. इंजिन बंद पडलं होतं, ओरडून ओरडून आवाज गेला होता, म्हणून फानूरिस होडीच्या कडेवर वल्हं आपटत होता.

"फानूरी! ऐकलं तुझं! एकदा आपट म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही! वल्ही धड आहेत?"

टक.

"मग वल्हव! आणि आयुष्यात एकदा तरी बाईमाणसाचं शेवटपर्यंत ऐक!"

टक.

त्याला यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोनदा लाटेने त्याला ओढून नेलं आणि दोनदा तिने त्याला बोलावून परत आणलं. शेवटी होडीचं टोक धुक्यातून बाहेर आलं तेव्हा झांबेता तोंडाने सूर धरून होती, शब्द उरलेच नव्हते. त्याने वर पाहिलं. काहीतरी म्हणायचं होतं त्याला, पण जमलं नाही, म्हणून त्याने वल्हं एकदा आपटलं.

दुपारी धुकं उठलं. चर्चमधून येऊन सगळे पोथितोसच्या दुकानाबाहेर जमले. झांबेता बापाला हात देऊन उतारावरून घेऊन आली, टाचेला फडकं बांधलेलं. बोलायला आवाजच नव्हता. स्त्रातोस उठला. आतून एक खुर्ची आणली, पुरुषांच्या टेबलांच्या मधोमध ठेवली, सदऱ्याच्या बाहीने पुसली.

"बस, कप्तानीण," तो म्हणाला.

एवढं ऐकून रिनियो तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून रडायलाच लागली. झांबेताने खुर्चीकडे पाहिलं. पाय ठणकत होता, बसावंसंही वाटत होतं. पण तिने बापाला त्या खुर्चीवर बसवलं, आणि जो काही घोगरा आवाज उरला होता त्यात म्हणाली, "सोमवारी पिठाच्या गोण्या धक्क्यावर असू देत. लवकर निघायचंय."

"असतील," स्त्रातोस म्हणाला.

याकुमिस खुर्चीवर ताठ बसला. पोथितोसने त्याच्या हातात वाइनचा पेला दिला. त्याने तो उंचावला, पण बोलला नाही. त्याला त्या दिवशी बोलायची गरजच पडली नाही, तो नंतर सांगायचा. सगळं गाव त्याच्या वतीने बोलत होतं.

पुढच्या वर्षी ती खोराला, बेटाच्या मुख्य गावात, कप्तानाची परीक्षा द्यायला गेली. बंदरावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "बरोबर पुरुषमाणूस कोणी आहे का?"

"आहे की. माझा बाप बाहेर बसलाय. पण त्याला दिसत नाही, तेव्हा परीक्षा मलाच द्यावी लागेल."

तिने परीक्षा दिली आणि पास झाली. फानूरिसने लग्नाचं विचारलं ते रिनियोमार्फत, त्याचं त्याला विचारणं होईना म्हणून. झांबेताने एकच अट घातली: मचवा हुंड्यात धरायचा नाही, त्याचं सुकाणू तिचं. फानूरिसने मान हलवली. "घरात एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, अगदी सोयीचं झालं," बायका म्हणाल्या. पण झांबेता सांगते की घरात तो बोलतो, आणि बरंच बोलतो. फक्त बाहेरच्यांना ते खरं वाटत नाही.

याकुमिस गेला तो पिकल्या वयात, झोपेत. कालामियाची दफनभूमी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तरीही झांबेताने शवपेटी 'कालिओपी'त ठेवली, सुकाणूशेजारी त्याची टोपी ठेवली आणि मचवा उलट्या दिशेला, अस्प्रोयालीकडे वळवला. चारही गावांसमोरून ती त्याला घेऊन गेली. प्रत्येक गावात घंटा वाजली, धक्क्यावर माणसं उभी राहिली, कोळ्यांनी होड्या मचव्यामागे घातल्या. परत कालामियाला येईपर्यंत मागे एवढ्या होड्या होत्या की खाडीच्या तोंडाशी रांग लावावी लागली. स्त्रातोस सगळ्यात मागे होता, जाणूनबुजून. झांबेता सुकाणूवर ताठ उभी होती. त्या दिवशी ती रडली नाही. वाटेतलं वळण न् वळण बापाला गाऊन दाखवत होती.

आता मावरोलिमानोपर्यंत डांबरी रस्ता झालाय. उन्हाळ्यात पाहुणे येतात, परदेशी, अथेन्सचेही, शांत गावं बघायला. झांबेता त्यांना घेते, पण चीजचे डबे आणि पावाच्या टोपल्या ठेवून उरलेल्या जागेत. पलीकडे बसा म्हटल्यावर कुणी कुरकुर केली, तर पुढच्या धक्क्यावर त्याला उतरवायलाही कमी करत नाही. सत्तरी ओलांडली तरी आवाज तसाच आहे. गेल्या उन्हाळ्यात एका पाहुण्याने फानूरिसला कप्तान समजून विचारलं, "किती वर्षं चालवताय हा मचवा?" फानूरिस नेहमीप्रमाणे गप्प. त्याने फक्त वळून बायकोकडे बोट केलं.

अस्प्रोयालीत हिवाळ्यात आता देस्पो एकटीच राहते. एका म्हातारीसाठी एवढ्या लांब कशाला जायचं, असं नगरपालिकेत कुणीतरी म्हणालं. झांबेताने ऐकून घेतलं आणि दर बुधवारी जात राहिली. मचवा धक्क्याला लागला की देस्पो काठी आपटत खाली येते, पाव हातात घेते, दाबून बघते.

"गार झालाय."

"लांबून आलाय."

"याकुमिसच्या वेळी गरम यायचा."

"त्याच्या वेळी तुझे दात होते, देस्पो. गार व्हायच्या आत खाऊन संपवायचीस. चल, सर बाजूला, रॉकेल उतरवू दे."

देस्पो सरकते, पण जात नाही. धक्क्यावरच्या दगडावर बसते, परकर सावरते आणि विचारते, "आणखी काय म्हणतात खाली?" झांबेता इंजिन बंद करते, तिच्याशेजारी जाऊन बसते आणि खालच्या तिन्ही गावांची बातमी पहिल्यापासून सांगायला लागते.